हाड भरायची पांढरी पूड: ॲपेटाइट की काच?

दात काढल्यावर जबड्यात उरलेला खड्डा भरायला दंतवैद्य 'बोन ग्राफ्ट' म्हणजे हाडाच्या जागी भरायची पूड वापरतात. ती पूड कधी हायड्रॉक्सीॲपेटाइटची असते, कधी बायोॲक्टिव्ह काचेची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही हाडाला चिकटणाऱ्या, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटतं.

हायड्रॉक्सीॲपेटाइट हे कॅल्शियम-फॉस्फेटचं स्फटिक, हाडातल्या खनिजाचं जवळचं भावंड. नवं हाड त्याच्या आधाराने वाढतं. पण भट्टीत भाजलेलं ॲपेटाइट फार सावकाश विरघळतं, वर्षानुवर्षं तिथेच राहतं. बांधकामाच्या परांचीसारखं ते जागा धरून ठेवतं, बाकी फारसं काही करत नाही.

काचेचं सगळं काम विरघळण्यातच आहे. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये बनवलेल्या '४५एस५' काचेत वजनाने ४५ टक्के सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असते. खिडकीच्या काचेत ७० टक्क्यांच्या आसपास. सिलिका कमी, म्हणून काचेची वीण सैल. शरीरातल्या द्रवाचा स्पर्श झाला की सोडियम आणि कॅल्शियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटतात आणि काचेवर ॲपेटाइटचाच थर बसतो! दोघांत घोळ होतो तो बहुधा इथे. सुटलेली सिलिका आणि कॅल्शियम हाड घडवणाऱ्या पेशींना चालनाही देतात, ते वेगळंच.

मग याच काचेत हवा तो धातू मिसळला तर? काचेचे अतिसूक्ष्म नॅनोकण करून त्यांना २ ते ५० नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) छिद्रं ठेवली की ग्रॅमभर पुडीचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर होतो आणि आयन भराभर सुटतात. तांब्याने नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते, स्ट्रॉन्शियम हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतं. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे त्याचं संयुग हाडं ठिसूळ होण्यावर औषध म्हणून पोटातून दिलं जायचं. हृदयाच्या धोक्यामुळे युरोपात २०१४ मध्ये त्यावर कडक निर्बंध आले. आयन फक्त खड्ड्यातच सोडायची कल्पना मला म्हणूनच पटते. मात्रा मात्र सांभाळावी लागते, कारण जास्त तांबं हाड घडवणाऱ्या पेशीच मारतं.

ॲपेटाइटच्या स्फटिकातही कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवता येतं. कण नॅनो असले तर ते थोडं लवकर सुटतं, तरी काचेइतकी मोकळीक तिथे नाही. धातू मिसळलेल्या नॅनोकाचेचं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चालू आहे. आणि ठिसूळ दोन्ही: मांडीचं हाड मोडलं तर भार पेलायला धातूची पट्टी किंवा रॉड लागतोच.