फॉर्म 2441: अमेरिकेत डेकेअरच्या खर्चावर टॅक्स क्रेडिट

नवरा-बायको दोघं जॉबवर आणि पोरगं डेकेअरला, असं अमेरिकेत ज्यांचं चाललंय त्यांनी टॅक्स भरताना फॉर्म 2441 सोडू नका. हे चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट, म्हणजे सांभाळाच्या खर्चापोटी थेट टॅक्समधून मिळणारी सूट, चाइल्ड टॅक्स क्रेडिट वेगळं, बसत असाल तर दोन्ही घ्या.

मूल 13 वर्षांच्या आतलं हवं. जोडीदाराला किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना स्वतःचं स्वतः करता येत नसेल आणि ते अर्ध्या वर्षापेक्षा जास्त तुमच्याच घरी राहत असतील तर त्यांना सांभाळायचा खर्चही चालतो. खरी मेख पुढेच आहे, कमाई दोघांची लागते, म्हणजे बायको एच-4 वर (एच-1बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आणि वर्क परमिट नाही म्हणून घरी, तर डेकेअरला कितीही ओता, क्रेडिट नाही. हां, ती फुल-टाइम शिकत असेल तर चालतं, शिकत असलेल्या दर महिन्याला तिची कमाई 250 डॉलर धरतात, दोन मुलं असली तर 500.

खर्च धरतात एका मुलाला 3,000 पर्यंत, दोन किंवा जास्त असतील तर 6,000. 2025 च्या रिटर्नला 43,000 च्या वर उत्पन्न असलं की या खर्चाच्या 20 टक्के, म्हणजे दोन मुलांचे 1,200 डॉलर. 2026 पासून जॉइंट रिटर्नवाल्यांना (नवरा-बायको एकत्र भरणाऱ्यांना) दीड लाखापर्यंतच्या उत्पन्नावर खर्चाच्या निदान 35 टक्के मिळतील. पण टॅक्सच शून्य असेल तर हातात काही येत नाही, आणि कंपनीच्या डिपेंडंट केअर एफएसएमध्ये (सांभाळाच्या खर्चासाठी पगारातून टॅक्सआधी पैसे बाजूला काढायचं खातं) टाकलेले पैसे (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मचा, डब्ल्यू-2 चा, बॉक्स 10 बघा) या मर्यादेतून वजा होतात. 5,000 टाकले आणि मूल एकच, तर विषय संपला.

डे कॅम्प आणि शाळेनंतरचा सांभाळ चालतो, रात्री राहायचा कॅम्प आणि किंडरगार्टनपासून पुढची फी नाही.

कागद म्हणाल तर पावत्या आणि सांभाळणाऱ्याचं नाव, पत्ता, टॅक्स नंबर. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू दर शुक्रवारी पाकिटात कॅश घ्यायच्या, एप्रिलमध्ये सोशल सिक्युरिटी नंबर मागितला तर तोंड वाकडं! त्यामुळे पहिल्याच दिवशी सांभाळणाऱ्याकडून ही माहिती घ्यायचा फॉर्म डब्ल्यू-10 भरून घ्या. आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीला पगार दाखवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, त्या व्हिसावर काम करता येत नाही.