रेमंड कॅटेल : अडलेल्या सुवर्णपदकाची पार्श्वभूमी

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल म्हटले की आपल्याकडच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला व्यक्तिमत्त्व मोजणारी सोळा घटकांची प्रश्नावली आठवते, परीक्षेपुरती पाठ केलेली प्रवाही (नवे प्रश्न सोडवणारी) आणि स्फटिकीभूत (शिकून साठवलेली) बुद्धिमत्ता आठवते आणि विषय तिथेच संपतो. ऑगस्ट १९९७ मध्ये काय घडले ते क्रमिक पुस्तकात सहसा नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या एका प्रतिष्ठानाने ९२ वर्षांच्या कॅटेल यांना जीवनगौरव सुवर्णपदक जाहीर केले. मानपत्र छापून झाले होते. शिकागोच्या अधिवेशनात पदक द्यायचे, तर ऐन वेळी ते लांबणीवर टाकले गेले. आक्षेप होता त्यांच्या सुप्रजननवादी लिखाणावर, म्हणजे कोणाला मुले व्हावीत हे ठरवून मानवी वंश ‘सुधारावा’ या विचारावर.

कॅटेल यांचा जन्म १९०५ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचा. लंडनला रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते मानसशास्त्राकडे वळले आणि घटक विश्लेषणाचा (अनेक मोजमापांमागचे थोडे समान घटक शोधण्याच्या गणिती पद्धतीचा) पाया जिथे घातला गेला, त्याच वर्तुळात तयार झाले. पुढे लेस्टरला मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात काम करताना त्यांना एका प्रश्नाने पछाडले. कमी बुद्ध्यंकाच्या घरांत मुले जास्त जन्मतात, तेव्हा देशाची सरासरी बुद्धी दर पिढीला खालावणार, असे त्यांनी १९३७ च्या पुस्तकात मांडले. त्या काळच्या ब्रिटिश विद्वानांत अशी भीती बाळगणारे ते एकटे नव्हते. पण त्यांनी भाकीत केले ते मोजता येण्याजोगे, आणि ते तपासायलाही तेच गेले. लेस्टरमधल्या दहा वर्षांच्या मुलांची त्यांनी १९३६ मध्ये चाचणी घेतली होती. १९४९ मध्ये त्याच शहरात, त्याच वयाच्या मुलांची पुन्हा घेतली. सरासरी घसरायला हवी होती, ती १.२८ गुणांनी वाढलेली निघाली. स्कॉटलंडमध्ये १९३२ आणि १९४७ साली झालेल्या मोठ्या पाहण्यांतही घसरण दिसली नाही.

हा निष्कर्ष कॅटेल यांनी स्वतः प्रसिद्ध केला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र आकड्याने उलटे उत्तर दिल्यावरही मूळ विचार त्यांनी सोडला नाही. माझ्या मते या माणसाबद्दलचा सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे आणि १९९७ च्या गदारोळात दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही.

अमेरिकेतली वर्षे सगळ्यांना ठाऊक आहेत. १९४५ पासून जवळपास तीन दशके ते इलिनॉय विद्यापीठात होते. इंग्रजी शब्दकोशातून स्वभाव सांगणारे सुमारे १८,००० शब्द दोन संशोधकांनी १९३६ मध्ये वेचून ठेवले होते. त्यांतले साडेचार हजार घेऊन कॅटेल यांनी समानार्थी शब्दांचे १७१ गट केले, पुढे ते ३५ वर आणले आणि त्यावरच्या सहसंबंधांतून घटक काढले. १९४९ मध्ये सोळा घटकांची प्रश्नावली आली. विद्यापीठाचा इलियाक संगणक त्यांना मिळाला नसता, तर पुढची आकडेमोड आयुष्यभर पुरली असती. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी त्यांचेच शब्दगट वापरले आणि त्यांना पाचच घटक सापडले. व्यक्तिमत्त्व पाच घटकांत मांडणारे आजचे पंचघटक प्रारूप तिथून निघते. कॅटेल यांना ते कधीच पटले नाही.

पण वादाचा गाभा १९७२ च्या पुस्तकात आहे. त्यात त्यांनी ‘बियॉन्डिझम’ नावाची नीती मांडली : मानवी समूह म्हणजे उत्क्रांतीचे वेगवेगळे प्रयोग, त्यांच्यात स्पर्धा व्हावी, आणि मागे पडणाऱ्या समूहाला बाहेरून हात देणे म्हणजे प्रयोगात ढवळाढवळ. १९८७ मध्ये याच विषयावर त्यांचे आणखी एक पुस्तक आले. पदकाच्या वेळी समर्थक म्हणाले की गौरव विज्ञानाचा आहे, खाजगी मतांचा नाही. हा बचाव टिकत नाही, कारण ही भिंत कॅटेल यांनी स्वतःच पाडली होती. नीती विज्ञानातूनच निघाली पाहिजे, हाच त्यांचा दावा होता. ज्या माणसाने आपले समाजविषयक विचार संशोधनाचे फलित म्हणून मांडले, त्याच्या जीवनगौरवातून ते वगळायचे कसे?

पदक रोखण्याची पद्धतही समर्थनीय नव्हती. ही पुस्तके काही तळघरातून निघाली नव्हती. १९३७ चे साठ वर्षे, १९७२ चे पंचवीस वर्षे ग्रंथालयांत होते. निवड करणाऱ्यांनी नाव ठरवण्याआधी ती वाचायला हवी होती. आक्षेप आल्यावर ते तपासायला तज्ज्ञांची समिती नेमणे म्हणजे ९२ वर्षांच्या माणसाला निकालाच्या रांगेत बसवणे होते.

डिसेंबरमध्ये कॅटेल यांनी खुले पत्र लिहिले. वंशभेदाचा आपल्याला तिटकारा आहे, आपली अवतरणे संदर्भ तोडून वापरली गेली आणि आपण फक्त ऐच्छिक सुप्रजननाच्या बाजूचे आहोत, असे सांगून त्यांनी नाव मागे घेतले. २ फेब्रुवारी १९९८ रोजी होनोलुलूत त्यांचे निधन झाले. समिती निष्कर्ष न देताच बरखास्त झाली.

२००२ मध्ये विसाव्या शतकातल्या मानसशास्त्रज्ञांची एक क्रमवारी प्रसिद्ध झाली, त्यात कॅटेल सोळाव्या क्रमांकावर होते. ती उद्धरणे, पाठ्यपुस्तकांतले उल्लेख अशा निकषांवर लावलेली होती. समितीपुढचा प्रश्न त्या निकषांत बसत नव्हता आणि अधिकृतपणे तो आजही अनुत्तरित आहे.