साधा एमआरआय झाला, मंग परत औषध टाकून कशाले?

दर्यापूरकडच्या आमच्या चुलतभावाला फीट आली, वय चोवीस, फवारणी करून आला अन् अंगणातच पडला. सगळ्यांना वाटलं फवारणीचं औषध लागलं. एमआरआयमध्ये मात्र मेंदूत मक्याच्या लाहीसारखा डाग निघाला, कॅव्हर्नोमा म्हणतात त्याला, म्हणजे बारीक नसांचा गुच्छा. डॉक्टर म्हणाले आता कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत नसा ठळक दिसायचं औषध, टाकून परत काढा. काका मला म्हणे, "बापू, एकदा फोटो काढला ना, मंग परत पैसे कायचे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, नंतर वाचत बसलो तर गोष्ट पार 1927 पर्यंत गेली.

त्या साली पोर्तुगालच्या एगास मोनिझनं मानेच्या धमनीत औषध सोडून डोक्याचा एक्स-रे काढला. त्याला शोधायची होती गाठ, कारण गाठ असली की आजूबाजूच्या नसा सरकतात, पण त्यामुळं जिवंत माणसाच्या मेंदूतल्या नसा पहिल्यांदा दिसल्या. पुढं थोरोट्रास्ट नावाचं औषध आलं, फोटो झकास यायचे, पण त्यात किरणोत्सर्गी थोरियम होतं, अन् कित्येकांना पुढं वर्षांनी लिव्हरचा कॅन्सर झाला. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरनं सुईतून तार अन् तारेवरून नळी सरकवायची रीत काढली, आज जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी (नसांचा फोटो) करतात ती त्यातूनच आली.

तरी कॅव्हर्नोमा त्यात सहसा दिसायचाच नाही, कारण त्यात रक्त इतकं हळू फिरतं की औषध तिथं पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. तो नीट दिसायला लागला एमआरआय आल्यावर. अमेरिकेच्या लॉटरबरनं 1973 मध्ये एमआरआयचं पहिलं चित्र छापलं, अन् 1988 मध्ये अमेरिकेत एमआरआयमध्ये टाकायच्या गॅडोलिनियम धातूच्या पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. हा धातू सुटा असला तर विषारी, म्हणून त्याला दुसऱ्या रेणूत घट्ट बांधून देतात. एक्स-रेच्या औषधातलं आयोडीन फोटोत स्वतः दिसतं, गॅडोलिनियम स्वतः दिसत नाही, ते जवळच्या पाण्याचे सिग्नल बदलतं म्हणून ती जागा पांढरी उजळते.

काकाच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. कॅव्हर्नोमा तर साध्या एमआरआयमध्येच कळतो, जुन्या रक्ताच्या लोहामुळं त्याच्याभोवती काळी कड येते. पण त्याच्या शेजारी बऱ्याचदा एक वेगळ्या ठेवणीची शीर असते, बारीक बारीक फाटे एका मोठ्या नसेत येऊन मिळतात, उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळ्यांसारखं, अन् ती बहुतेक वेळा औषध टाकल्यावरच ठळक दिसते. ती शीर चांगल्या मेंदूचंच रक्त वाहून नेते, ऑपरेशनमध्ये ती तुटली तर चांगला भाग सुजतो, म्हणून सर्जनला ती आधी माहीत पाहिजे. धमनी थेट शिरेला जोडलेला एव्हीएम असला तर मात्र रक्त कुठून येतं कुठं जातं हे बघायला आजही नळीवालीच अँजिओग्राफी लागते.

आमच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी एक गोष्ट मनावर घ्या. 2006 मध्ये लक्षात आलं की किडनी फारच खराब असलेल्या काहींची कातडी गॅडोलिनियमनंतर दगडासारखी कडक झाली, पुढं या धातूचा थोडा अंश मेंदूत साचून राहतो हे दिसल्यावर 2017 मध्ये युरोपनं जुन्या प्रकारची बरीच औषधं थांबवली. नवी औषधं धातूला जास्त घट्ट धरतात, तरी आपल्या भागात किडनीचा त्रास घरोघरी ऐकू येतो, म्हणून सुई टोचायच्या आधी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवा अन् आधी किडनीचं काही असलं तर तोंडानं सांगा. भावाचा 0.9 आला, म्हणजे नॉर्मल, त्याच दुपारी औषध टाकलं, अन् शीर दिसली.