खानापूर-सुप्याच्या रानातली कुमरी: पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीपासून हेमाडग्यापर्यंत, आणि पलीकडे उत्तर कानडा (कारवार) जिल्ह्यातल्या सुपे-जोयड्याच्या रानात, वनहक्काची गोष्ट निघाली की घोडे एका शब्दापाशी अडते: कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून राखेत केलेली फिरती शेती. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींबाहेरच्या रानवासीयांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची ७५ वर्षे, म्हणजे तीन पिढ्या, दाखवायला सांगितल्या. इथले कुणबी आणि धनगर गवळी याच खान्यात येतात. १९३० च्या आधी त्यांचे आजे-पणजे या रानात काय करत होते, याचे उत्तर बरेचदा कुमरी असेच असते, आणि नेमक्या याच शब्दावर दीडशे वर्षांची शाई सांडलेली आहे.

कुमरी कशी करतात हे सीमाभागात वेगळे सांगायला नको. थंडी सरताना उतारावरचा तुकडा तोडून वाळत घालायचा, पावसाआधी पेटवायचा, राखेत नाचणी, वरी, सावा टाकायचा. एक-दोन पिके घ्यायची, फार तर तिसरे, आणि मग ती जागा दहा-बारा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ रानाला परत द्यायची. नांगर नाही, बांध नाही. राबाशी याची गल्लत करू नये. राब म्हणजे भाताच्या तरव्याची (रोपांची) जागा कवळ (झाडपाला)-शेण पसरून भाजणे. शेत तिथेच राहते. कागदोपत्री मात्र दोन्ही ‘जाळपोळ’ म्हणून एका माळेत ओवलेले दिसतात.

कुमरी हा शब्द शेतीच्या पद्धतीला लागतो, सोडलेल्या जमिनीला लागतो आणि खाली कानडा मुलखात माणसांनाही लागतो; ‘कुमरी मराठी’ हे तिथल्या एका समाजाचे नावच आहे. कन्नडातही शब्द हाच. निदान याच्यावर तरी सीमावाद नाही!

सीमा मात्र तेव्हाही होती. १८६२ पर्यंत सुपे मद्रास इलाख्यात आणि खानापूर मुंबई इलाख्यात. मुंबईने १८४७ साली जंगलांवर संरक्षक नेमला, मद्रासने १८५६ साली. दोघेही पेशाने डॉक्टर. त्यांच्या आधी, १८०१ साली, कानडा मुलखातून जाताना कुमरीची नोंद करून ठेवणारा गोरा अधिकारीही डॉक्टरच होता. रोग हुडकायची सवय म्हणा हवे तर. १८६० साली मद्रास सरकारने परवानगीशिवाय कुमरी करायला बंदी घातली. कुमरीने कोवळे लाकूड जळते, हे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. पण मुंबईच्या गोदीला साग हवा होता, रेल्वेला स्लीपर हवे होते. त्या बंदीत निम्मा वाटा तरी सागाच्या भावाचा असावा, असे मला वाटते. पुढे उत्तर कानडा मुंबईकडे आला, १८७८ च्या कायद्याने रानाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वाटणी झाली, लोंड्यावरून रेल्वे गेली. १८८५ साली मुंबई इलाख्यात वनआयोग बसला, पण तो ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींसाठी. राबावर तिथे भरपूर बोलणे झाले. घाटावरची कुमरी त्याचा विषय नव्हती.

खरा गुंता इथून पुढे आहे. १८५६ नंतर ब्रह्मदेशात एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने डोंगरशेती करणाऱ्यांनाच साग लावायला लावले. रान तोडायचे, जाळायचे, राखेत पीक घ्यायचे आणि त्याच तुकड्यात सागाच्या ओळी धरायच्या. शेतकऱ्याला दोन-तीन वर्षे धान्य मिळते, खात्याला फुकटात निंदणी मिळते. मग शेतकरी पुढच्या तुकड्यावर जातो आणि साग मागे उभा राहतो. या पद्धतीला तौंग्या म्हणतात. तौंग म्हणजे डोंगर, या म्हणजे शेती. वनशास्त्राची पुस्तके तौंग्याची निरनिराळ्या मुलखांतली नावे देतात तेव्हा भारतापुढे झूम, पोनम यांच्याबरोबर एक नाव येते: कुमरी. कुऱ्हाड तीच, काडी तीच, नाचणीही तीच. फरक एवढाच की शेवटी तिथे जे उभे राहते त्यात ऐन, किंजळ, नाणा, जांभा यांची सरमिसळ नसते, एकट्या सागाच्या रांगा असतात. कुणब्याने केली तर नासधूस, खात्याने करवून घेतली तर लागवड. वनखात्याची बाजू घेणारे म्हणतील की जागा बदलत भटकणे आणि एकदाच जाळून झाड लावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ते बरोबरही आहे. पण मग दोन्हींना एकच शब्द का वापरला, याचे उत्तर मिळत नाही. शिवाय जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी ओळ उलटसुलट करून पाहावी लागते: ही कुमरी कोणाची?

पुढचा काळ अनेकांच्या डोळ्यांदेखतचा आहे. १९५० च्या दशकात दांडेलीत कागदाची गिरणी आली आणि बांबूला ओढ लागली. १९५६ साली बेळगाव मैसूर राज्यात गेले. १९७० च्या दशकात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी कारवार जिल्ह्यात बांबू का संपतोय ते पाहिले. तोडीच्या सोयीसाठी कळकाच्या (बांबूच्या) बेटाखालचे काटेरी जाळे साफ केले जायचे. खात्याच्या समजुतीने ती बेटाची निगा होती. प्रत्यक्षात काटे गेल्यावर कोवळे कोंब गुरांच्या तोंडी आयते पडत होते. बांबू आटला तशी नीलगिरी वाढली, मग ऑस्ट्रेलियन बाभूळ. १९८३ साली शिरसीकडे लोकांनी झाडांना मिठी मारून तोड अडवली. १९८७ साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात कुसनूरला नीलगिरीची रोपे उपटून फळझाडे लावली गेली. ही नीलगिरी लावणारी सरकार आणि उद्योग यांची भागीदारीतली कंपनी १९९१ मध्ये गुंडाळली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी तोड थांबवली. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाले, आणि लाकडाची भाषा जाऊन वाघाची आली.

वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून घर, बांध, सपाटीकरण चालते. गॅझेटियर आणि वनखात्याच्या कार्ययोजना चालतात. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. कुमरीला बांध नसतो. सोडलेला तुकडा वीस वर्षांनी रानच दिसतो. तसा दिसला नाही तर कुमरी नीट केली नव्हती, असेच जुनी माणसे म्हणतील. म्हणून दावेदार आता एकोणिसाव्या शतकाची दप्तरे चाळतात आणि ज्या पानांवर त्यांच्या पणज्यांच्या शेतीला नासधूस म्हटले आहे, त्याच पानांच्या झेरॉक्स अर्जाला जोडतात.