डॉइचलांडला आपण जर्मनी का म्हणतो

‘जर्मनचं पातेलं’ म्हटलं की कितीतरी मराठी घरांत अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं पुढे येतं. नाव असं चुलीपर्यंत पोचलं, पण खुद्द त्या देशातले लोक आपल्या देशाला जर्मनी म्हणत नाहीत, डॉइचलांड म्हणतात. फ्रेंचांसाठी तो आलमान्य, पोलिशांसाठी न्येम्त्सी, फिनलंडमध्ये साक्सा. ही एकाच शब्दाची बदललेली रूपं नाहीत, पाचांची मुळं वेगवेगळी आहेत.

१८७१ पर्यंत तिथे एकसंध जर्मन राष्ट्र नव्हतंच. शेजाऱ्यांची गाठ पडली ती टोळ्यांशी, आणि ज्याला जी टोळी भेटली तिचं नाव त्याने सगळ्या मुलखाला दिलं. राइन नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या आलेमानी टोळीच्या लोकांवरून फ्रेंच नाव आलं. स्पॅनिश, तुर्की, अरबी नावंही त्याच कुळातली. फिनिश लोकांनी सॅक्सन टोळीचं नाव घेतलं. ‘जेर्मानी’ हा शब्द रोमनांचा. सीझरने तो मुख्यतः राइनपलीकडच्या लोकांसाठी वापरला आणि इ.स. ९८ च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटसने त्यांच्यावर ग्रंथच लिहिला. लॅटिनमधून तो इंग्रजीत गेला, इंग्रजीतून आपल्याकडे आला.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती डॉइच आणि न्येम्त्सी ही जोडी, कारण दोन्ही शब्द बोलण्याविषयी आहेत. ‘डॉइच’च्या मुळाशी ‘लोक’ या अर्थाचा जुना शब्द आहे; डॉइच म्हणजे लोकांची बोली. ७८६ साली इंग्लंडमधल्या एका धर्मसभेच्या वृत्तान्तात या शब्दाचं लॅटिन रूप ‘थेओदिस्के’ येतं. ठराव सगळ्यांना समजावेत म्हणून लॅटिनबरोबर लोकभाषेतही वाचून दाखवले, असं तिथे म्हटलं आहे. ती लोकभाषा होती जुनी इंग्रजी! शब्द कुठल्या एका देशाचा नव्हताच. पंडितांची लॅटिन एकीकडे आणि लोकांची बोली दुसरीकडे, एवढाच त्यातला भेद. संस्कृत आणि प्राकृत शेजारीशेजारी नांदलेल्या आपल्या मुलखाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

पोलिश, रशियन अशा स्लाव्ह भाषांत मात्र ‘नेमेत्स’चा (‘न्येम्त्सी’ त्याच शब्दाचं रूप) संबंध ‘मुका’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही, तो मुका. संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ‘म्लेच्छ’ धातूचा अर्थ ‘अव्यक्ते शब्दे’, म्हणजे अस्पष्ट बोलणं, असा दिला आहे, तीच ही दृष्टी. हंगेरियन लोकांनी हा स्लाव्ह शब्द उचलून देशाला ‘नेमेतओर्साग’ केलं. अरबीत तर तो ‘अन्-निम्सा’ होऊन ऑस्ट्रियाला लागला. रशियन भाषेत आज देश ‘गेर्मानिया’ आहे, पण तिथली माणसं अजून ‘नेम्त्सी’च.

संस्कृतनेही या देशाला स्वतःचं नाव दिलं. ऋग्वेदाची आवृत्ती छापताना संस्कृतचा जर्मन अभ्यासक माक्स म्युलरने संस्कृत मुखपृष्ठावर आपलं नाव ‘मोक्षमूलर’ असं घातलं आणि जन्मभूमी सांगितली ‘शार्मण्यदेश’. ‘जर्मन’च्या उच्चाराला जवळचा म्हणून निवडलेल्या या शब्दात ‘शर्मन्’ ऐकू येतो, आणि शर्मन् ही ब्राह्मणाच्या नावापुढे लागणारी उपाधी.