संत्र्याचा कोन, हाताचा कोन

अंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यातून येणारी) संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागली की माझी भाची कॅमेरा घेऊन पहाटेच तिथे पोहोचते. या वेळी तिने एक छायाचित्र कृष्णधवल करून त्यात केवळ संत्र्यांचा रंग राखायचे ठरवले. पोती, ट्रक, मागची गर्दी, सारे करडे झाले. पण ढिगातून फळे निवडणाऱ्या माणसाचे दोन्ही हात मात्र रंगीतच राहिले. "मामा, ॲप बिघडलंय का?" असे तिने विचारले.

ॲप बिघडलेले नव्हते. इथे संगणक संत्रे ओळखतो, हा समजच चुकीचा आहे. या पद्धतीत संगणकापुढे फळही नसते आणि हातही नसतो. छायाचित्राच्या प्रत्येक ठिपक्यामागे (पिक्सेलमागे) लाल, हिरवा आणि निळा असे ० ते २५५ या मर्यादेतले तीन आकडे असतात. या तीन आकड्यांतून "नारिंगी" शोधण्याची जी युक्ती आहे, ती मला फार सुंदर वाटते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

रंग एका वर्तुळावर मांडता येतात, ही कल्पना न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरील ग्रंथात मांडली होती. १९७८ मध्ये अल्वी रे स्मिथ यांनी संगणकासाठी तिचे सोपे गणित दिले. या वर्तुळावर लाल ० अंशावर, हिरवा १२० वर आणि निळा २४० वर असतो. या कोनाला इंग्रजीत ह्यू म्हणतात. आपण वर्णकोन म्हणू. समजा, संत्र्याच्या उजळ सालीवरच्या एका ठिपक्याचे आकडे लाल २४०, हिरवा १४० आणि निळा २० असे आहेत. सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा केला की २२० उरतात. मधल्यातून लहान वजा केला की १२०. या १२० ला २२० ने भागून ६० ने गुणले की वर्णकोन सुमारे ३३ अंश येतो. (लाल सर्वांत मोठा आणि निळा सर्वांत लहान असताना हे सूत्र असेच चालते, इतर क्रमांत ते थोडे बदलते.)

आता तेच संत्रे ढिगाच्या सावलीत गेले आणि प्रकाश घटून तिन्ही आकडे निम्मे झाले, असे धरू. आकडे १२०, ७० आणि १० होतील. फरक ११० आणि ६०. भागाकार तोच, कोनही तोच ३३ अंश. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात घटल्याने त्यांचे गुणोत्तर बदलत नाही, आणि कोन गुणोत्तरावरच ठरतो. उन्हातले आणि सावलीतले फळ कोनांच्या एकाच पट्ट्याने निवडता येते ते यामुळे. मात्र ती सावली निळ्या ताडपत्रीची असेल, तर प्रकाशाचा रंगच बदलतो आणि कोन सरकतो; म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगदुरुस्ती) आधी सुधारावा आणि रंगाची निवड नंतर करावी.

आता हात पाहू. सावळ्या हातावरच्या एका ठिपक्याचे आकडे १५०, १०० आणि ७५ असतील, तर कोन २० अंश येतो. गोऱ्या चेहऱ्यावरचे २२५, १७५ आणि १५० असे आकडे घेतले तरी उत्तर २० अंशच येते. मानवी त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि रक्तातील हिमोग्लोबिन ठरवतात, आणि त्यामुळे जगभरच्या त्वचांचे वर्णकोन लाल-नारिंगीच्या एका अरुंद पट्ट्यात येतात. चित्रपटांचे रंग जुळवणारे तंत्रज्ञ सगळ्या त्वचांसाठी रंग मोजण्याच्या आलेखावरची एकच रेषा प्रमाण मानतात, ती याच आधारावर. लग्नाच्या स्थळांत आजही "गोरी" आणि "सावळी" असा भेद करणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावे: फरक मुख्यतः उजळपणाचा आणि गडदपणाचा आहे, रंगाची जात एकच आहे. छायाचित्र-संपादनाच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये नारिंगीची सरकपट्टी हलवली की चेहरे बदलतात, हा छायाचित्रकारांचा रोजचा अनुभवही हेच सांगतो.

भाचीने २० ते ४० अंशांचा पट्टा निवडला होता, त्यात हात सापडणारच. सुटका दुसऱ्या एका राशीने होते, ती म्हणजे संपृक्तता: मोठ्या आणि लहान आकड्यांतला फरक भागिले मोठा आकडा. आपल्या संत्र्याची संपृक्तता ९२ टक्के येते, सावळ्या हाताची ५० आणि गोऱ्या चेहऱ्याची ३३. "कोन २० ते ४०, आणि संपृक्तता ७० टक्क्यांहून अधिक" अशी दुहेरी अट घातली की हात करडे होतात आणि फळे रंगीत राहतात.

अंधाऱ्या भागात मात्र हे गणित डळमळते. १२, १० आणि ९ या जवळजवळ काळ्या ठिपक्याचा कोन २० अंश येतो. कॅमेऱ्याच्या गोंगाटाने (आकड्यांतल्या किरकोळ, अनियमित चुकांनी) हिरव्यात एकाची भर पडून आकडे १२, ११ आणि ९ झाले, तर तोच कोन ४० होतो. छेदात अवघे ३ असल्यामुळे एका एककाने उत्तर दुप्पट होते, आणि तिन्ही आकडे समान झाले तर छेद शून्य होऊन कोनाला अर्थच उरत नाही. सावल्यांत दिसणारे रंगीत शिंतोडे इथून येतात. त्यामुळे अतिशय गडद ठिपके निवडीतून आधीच वगळावेत आणि पट्ट्याच्या कडा एकदम न तोडता हळूहळू विरळ कराव्यात.

अलीकडे कोनाच्या अशा साध्या पट्ट्यालाही "एआय" म्हणून विकले जाते. प्रशिक्षित प्रणाली वस्तूची बाह्यरेखा ओळखून निवड करू शकते, हे खरे आहे. पण ती वेगळी पद्धत आहे, आणि वरच्या गणितात बुद्धिमत्तेचा दावा करण्यासारखे काही नाही.

दुहेरी अट घातल्यावर भाचीचे हात-फळांचे भांडण मिटले, तेव्हा तिला दुसरी शंका आली: करडा भाग निळसर का दिसतो? त्या भागातल्या ठिपक्यांचे तिन्ही आकडे आम्ही तपासले. ते समान होते. निळसरपणा डोळ्यांचा होता. भडक नारिंगीशेजारचा करडा रंग त्याच्या विरुद्ध रंगाकडे झुकलेला दिसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्येच सविस्तर लिहून ठेवले आहे.

एक अडचण तरीही उरली. अंबियाच्या कितीतरी फळांना देठापाशी हिरवट साल असते. त्या सालीचा कोन पट्ट्याबाहेर पडल्याने अशा प्रत्येक संत्र्याच्या डोक्यावर करडा डाग उमटला होता. तो हिरवा भाग त्याच फळाचा आहे, हे कोनाला कळण्याचा मार्ग नव्हता. भाचीने छायाचित्र मोठे केले, बारीक ब्रश घेतला आणि एकेका फळाचा देठ हाताने निवडायला सुरुवात केली.