बालसंगोपन योजनेचा अर्ज नेमका कुठे अडतो?

‘ती कोविडवाली योजना ना? ती कधीच बंद झाली.’ असे सांगून कितीतरी बायकांना परत पाठवले जाते. महाराष्ट्र सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे आणि आजही चालू आहे. कोविडमध्ये शाळा बंद असताना आई किंवा वडील वारले आणि मुलाचे शिक्षण सुटले, अशा घरांमुळे ती जास्त लोकांपर्यंत पोहोचली, एवढेच. मृत्यू कशाने झाला याला इथे महत्त्व नाही. अनाथ, एकच पालक असलेली, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेली, घटस्फोट किंवा परित्यागामुळे एकट्या आईकडे राहणारी 18 वर्षांखालील मुले यात बसतात. मूल संस्थेत न जाता घरीच राहून शिकावे, यासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. जुने फॉरवर्ड अजून 1100 च सांगतात. 2023 मध्ये रक्कम वाढली.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, म्हणजे तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. सोबत मूल व पालकाचे आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड (मूल शाळेत शिकत असल्याचा शाळेचा दाखला), मृत्यूचा दाखला, पासबुकाची प्रत आणि फोटो. मग घरी येऊन चौकशी, म्हणजे गृहभेट, होते आणि मुलांच्या संगोपनाबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची बाल कल्याण समिती आदेश काढते. आदेशाशिवाय पैसे नाहीत. टेबलावरच्या माणसाने ‘झालं तुमचं काम’ म्हटले तरी नाहीत.

सर्वात जास्त अर्ज मृत्यूच्या दाखल्यावर अडतात. माणूस घरीच वारला आणि नोंद करायचे कुणाला सुचलेच नाही, असे खेड्यात सर्रास होते. 21 दिवसांत नोंद फुकट होते, नंतर विलंब शुल्क लागते आणि वर्ष उलटले की आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावे लागे. ऑक्टोबर 2023 पासून हे अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहेत. म्हणजे आधी तहसील-प्रांत कार्यालयात चौकशी करा, वकिलाची फी नंतर बघू.

नवरा सोडून गेला असेल तर दाखला आणणार कुठून? तो गेला आहे, मेलेला नाही. बेपत्ता माणूस मृत समजायला कायद्याने सात वर्षे लागतात, म्हणून काहीजणी तेवढी थांबतात. तसे करू नका. परित्याग हे स्वतंत्र कारण आहे. पोलिसातली तक्रार, पोटगीच्या दाव्याचे कागद, ग्रामपंचायतीचा दाखला यांपैकी जे असेल ते जोडा आणि गृहभेटीला येणाऱ्यांना सगळे सांगा. त्यांचा अहवाल समितीसमोर जातो. लाजून अर्धेच सांगितले तर तिथेही अर्धेच पोहोचते.

नावांचा घोळ तर ठरलेलाच. मृत्यूच्या दाखल्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र द्या. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी बाहेर बसलेले लोक पाचशेचा स्टॅम्प गळ्यात मारतात.

बोनाफाईडला वेळेची अडचण असते. मे महिन्यात शाळेला कुलूप, विदर्भात तर शाळा आणखी उशिरा उघडते. म्हणून ते एप्रिलमध्येच घेऊन ठेवा. आणि मूल शाळेतच नसेल तर? बोनाफाईड नाही म्हणून अर्ज नाही, पैसे नाहीत म्हणून शाळा नाही, असा फेरा सुरू होतो. तो शाळेपासून तोडायचा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला तो लांबवता येत नाही. प्रवेश झाला की बोनाफाईड मागा.

फोटो घरासमोर, मूल आणि पालक दोघेही दिसतील असा हवा. दोन मुले असतील तर प्रत्येकाचा वेगळा. लग्नाच्या अल्बममधून कापलेला फोटो आणि सेल्फी, दोन्ही परत येतात.

बँकेत ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, त्या खात्याला सीडिंग (आधारवर येणारे पैसे त्याच खात्यात जमा होतील अशी जोडणी) झाले आहे का, हे विचारा. मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करायचे असतात. तेही राहून गेलेले असते.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून महिन्याला 4000 रुपयांचे प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी मदत, आहे. त्याला वार्षिक उत्पन्नाची अट ग्रामीण भागात 72,000, इतरत्र 96,000. एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा कशात बसता ते कक्षातच विचारून अर्ज करा.

‘शेवटची तारीख जवळ आली, आजच फॉर्म भरा’ हा मेसेज दरवर्षी फिरतो आणि फॉर्म विकणाऱ्यांचे दुकान चालते. अर्ज वर्षभर घेतले जातात, फॉर्म विकत घ्यायचा नसतो. पाहायची तारीख वेगळीच आहे: समितीच्या आदेशावरची मुदत. ती संपण्याआधी नवे बोनाफाईड देऊन नूतनीकरण केले नाही, तर पैसे गुपचूप थांबतात, कुणी कळवत नाही. अर्ज देताना आवक क्रमांकासह पोच घ्या. पैसे दरमहा येतीलच असे नाही, चार-सहा महिन्यांचे एकदम जमा होतात. वह्या, रिचार्ज, शिकवणी यांची उधारी करताना तेवढे धरून चाला.